सल्ला हवा: कॉलेजची दगडी इमारत पाडायची, की नव्या पद्धतीच्या वर्गांसाठी तिलाच तयार करायचं?

कोयनाकाठ
नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पदार्थविज्ञान शिकवते. आमच्या कॉलेजच्या दोन इमारती आहेत. पहिली 1958 ची, बैठी, काळ्या दगडाची. मंगलोरी कौलं, सागवानी कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे), तिन्ही बाजूंनी आठ फुटी व्हरांडा. गावकऱ्यांनी श्रमदानाने दगड वाहिले होते, त्यांत माझे आजोबाही होते. 1967 चा कोयनेचा भूकंप तिने सोसला. दुसरी 1984 ची, तीन मजली आरसीसी, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटची.

संस्थेने इमारत समिती नेमली आहे, त्यात मी आहे. माजी विद्यार्थ्यांची वर्गणी आणि संस्थेची ठेव मिळून एक कोटी ऐंशी लाख हाताशी आहेत. समितीत बहुतेकांचं मत असं, की दगडी इमारतीला ओल आहे, दोन खोल्या गळतात, तर ती पाडून तिथे वातानुकूलित नवी इमारत सुरू करावी आणि आरसीसी इमारतीत प्रत्येक वर्गात डिजिटल फळा आणि फॉल्स सीलिंग करावं.

माझी अडचण वेगळीच आहे. नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (आवडीचा विषय) असे गट पडतात. एकाच तासाला कुठे 15 मुलं, तर कुठे 120. आमच्या सगळ्या खोल्या 80 मुलांच्या, बाकं जमिनीला ठोकलेली. गटात काम द्यायचं म्हटलं तर निम्मी मुलं पाठ वळवून बसतात. आरसीसी इमारतीत तर मागच्या बाकांवर माझं बोलणं पोचतच नाही. दोन महिन्यांनी बैठक आहे. ज्यांनी असं काम केलंय किंवा जे अशा इमारतींत शिकलेत, त्यांनी कृपया लिहा.

चुनागच्ची
मॅडम, पाडायची घाई करू नका. मी वास्तुविशारद आहे, जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीचीच कामं करतो. जागेवर आल्याशिवाय ठाम सांगणार नाही, पण तुमच्या वर्णनात इमारत मोडीत काढावी असं काही दिसत नाही.

आधी ओल कुठून येते ते बघा. दगडांच्या दरजांत, म्हणजे सांध्यांत, किंवा गिलाव्यात नंतर कधी सिमेंट भरलंय का? बऱ्याच ठिकाणी 'मजबुती' म्हणून ते केलं गेलंय. चुन्याच्या भिंतीत शिरलेली ओल चुन्यातूनच बाहेर पडून वाळते. वर सिमेंट चढवलं की ती आत कोंडते, वर वर सरकते आणि रंगाला पोपडे धरतात. मग लोक म्हणतात भिंत कुजली. सिमेंट खरवडून काढायचं, दरजा चुन्याने भरायच्या आणि एक-दोन उन्हाळे भिंतीला वाळू द्यायचं. त्याबरोबर वळचणीचं, म्हणजे छपराच्या कडेवरून पडणारं पाणी जोत्याशी (इमारतीच्या पायथ्याशी) न मुरता लांब जाईल अशी नाली काढा. निम्मी ओल तिथेच थांबते.

गळतीसाठी कौलं उतरवून रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) तपासा, कुजलेल्या बदला, फुटकी कौलं बाजूला काढून बाकीची पुन्हा चढवा. कैच्यांची टोकं जिथे भिंतीत शिरतात तिथे लाकूड टोचून बघा, वाळवी तिथेच लागते. हे सगळं दिवाळी ते मे या काळातच व्हायला हवं.

एक कळकळीची विनंती: कौलांच्या जागी पत्रा घालू नका. मी ज्या कॉलेजात शिकलो तिथे घातला. पावसाळ्यात सर फळ्यावर लिहून दाखवायचे आणि आम्ही उतरवून घ्यायचो, कारण पत्र्यावरच्या पावसापुढे शब्द ऐकू यायचा नाही. मार्च-एप्रिलमध्ये दुपारचे तास तर रद्दच व्हायचे.

समितीला उदाहरणं लागतील म्हणून सांगतो. मुंबई विद्यापीठाचं फोर्टमधलं ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर 1878 पासून उभे आहेत. त्यांच्या दुरुस्तीची युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत 2018 मध्ये नोंद घेतली गेली. त्यानंतरच्याच वर्षी अहमदाबादच्या आयआयएममधल्या विक्रम साराभाई ग्रंथालयाला याच पुरस्कारांत वरचं स्थान मिळालं. ती अमेरिकी वास्तुविशारद लुई कान यांची वास्तू, आणि दुरुस्तीचं काम केलं मुंबईच्या वास्तुविशारद ब्रिंदा सोमाया यांच्या कार्यालयाने. त्याच संकुलातली 18 पैकी 14 वसतिगृहं पाडायचं डिसेंबर 2020 मध्ये ठरलं, जगभरातून विरोध झाल्यावर पुढच्याच महिन्यात ते मागे घेतलं आणि 2022 मध्ये संस्था पुन्हा नव्या बांधकामाकडे वळली. म्हणजे नामांकित संस्थांनाही हा निर्णय जड जातो. तुम्ही दोन महिन्यांत तो उरकू नका.

आणि तो आठ फुटी व्हरांडा! आज नवी कॉलेजं बांधताना वर्गाबाहेर बसून बोलता, वाचता येईल अशी रुंद जागा मुद्दाम आखतात. तुमच्याकडे ती 1958 पासून आहे.

एसटीची_वाट
मी अशाच एका कॉलेजात शिकले, आता पुण्यात नोकरी करते. वास्तूतलं मला कळत नाही, पण एक सांगते.

आमचे तास दीडला संपायचे आणि गावची एसटी सव्वाचारला. मधल्या पावणेतीन तासांत मुलं टपरीवर, मैदानावर जायची. आम्ही मुली कुठे जाणार? ग्रंथालय दुपारी बंद. मुलींची खोली म्हणजे एक कॉट, एक आरसा आणि बंद पंखा. स्वच्छतागृहात पाणी नसायचं म्हणून सकाळपासून पाणी न पिणाऱ्या मैत्रिणी मी पाहिल्यात. मी स्वतःही तेच केलं. फळा डिजिटल झाला असता तरी त्या तीन तासांत आम्हाला काय मिळालं असतं?

व्हरांड्यात भिंतीला लागून बसायला दगडी किंवा लाकडी ओटे करा, दर दोघींमागे एक प्लग, पंखे, जाळीदार कपाटात पिण्याच्या पाण्याची सोय. ग्रंथालयाचा वाचनकक्ष शेवटची एसटी जाईपर्यंत उघडा ठेवा. स्वच्छतागृहं सगळ्यात आधी. तिथले पैसे उरले तर बाकीचं बघा.

कोयनाकाठ
तुमचा प्रतिसाद मी आजच प्राचार्यांना वाचून दाखवला. आमच्याकडेही स्वच्छतागृहं इमारतीच्या मागे, एका कोपऱ्यात आहेत, आणि पाण्याची टाकी दुपारी रिकामी होते. हे मी रोज पाहते आणि तरी पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं सुचलं नाही, याचं वाईट वाटलं.

गोलटेबल
मी अभियांत्रिकी शिकवतो. गटकामाच्या वर्गांविषयी अनुभवाने सांगतो.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात रॉबर्ट बायकनर यांनी भौतिकशास्त्रासाठीच अशी वर्गरचना उभी केली. सात फुटी गोल टेबल, त्याभोवती तीन-तीनचे तीन गट, शिक्षक मधून फिरणारे. बघून आम्हीही एक वर्ग तसा केला. चुकलो ते इथे: गोल टेबलांना जागा फार लागते. जिथे 80 मुलं बसायची तिथे जेमतेम 36 मावली. वेळापत्रक कोलमडलं आणि दोन वर्षांत त्या खोलीत पुन्हा बाकं आली.

दुसऱ्या खेपेला एकाच खोलीवर हट्ट धरला नाही. तीन लहान खोल्यांत चाकं असलेली दोघांची टेबलं ठेवली. जोडली की सहाचा गट, ओळीत लावली की परीक्षा. चाकांना कुलूप हवंच, नाहीतर टेबल सरकतं आणि प्रात्यक्षिकाचं सामान खाली येतं. 120 मुलांच्या पायऱ्यांच्या सभागृहात आम्ही पायऱ्या रुंद करून एका पायरीवर दोन रांगा बसवल्या. पुढच्या रांगेला फिरत्या खुर्च्या दिल्या. चर्चेची वेळ आली की पुढचे मागे वळतात आणि चौघांचा गट होतो. पायऱ्या निम्म्या झाल्या, पण बसणारी मुलं फारशी घटली नाहीत.

डिजिटल फळ्यांबद्दल: दोन घ्या, वापरून बघा. त्याऐवजी चारही भिंतींवर लिहिता येतील असे साधे पांढरे फळे लावा. मुलं भिंतीपाशी उभी राहून गणित सोडवतात तेव्हा कोण कुठे अडलंय ते मला एका नजरेत दिसतं. जमिनीतले प्लग टाळा, फरशी पुसताना पाणी जातं. भिंतीला टेबलाच्या उंचीवर प्लगची पट्टी फिरवा.

अनुनाद
मागच्या बाकांवर बोलणं पोचत नाही, हे वाचून थांबलो. मॅडम, तुम्ही पदार्थविज्ञानाच्या, म्हणून गोष्टच सांगतो. 1895 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने फॉग संग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह बांधलं आणि तिथे कोणाचं काही कळेना. ते सुधारण्याचं काम वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे आलं. रात्री सगळं शांत झाल्यावर शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या आणून तो खोलीत पसरायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा, आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळाने मोजायचा. रिकाम्या खोलीत साडेपाच सेकंद लागत, गाद्यांनी ते एका सेकंदाच्या आसपास आले. त्यातून त्याचं सूत्र आलं: विरण्याचा काळ म्हणजे 0.161 गुणिले खोलीचं घनफळ, भागिले एकूण ध्वनिशोषण. शोषण मोजायचं एकक त्याने घेतलं उघडी खिडकी, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही.

तुमच्या आरसीसी वर्गाची मापं समजा 10 बाय 7 मीटर, उंची 3.3. घनफळ 231 घनमीटर. एवढ्या वर्गासाठी अमेरिकी मानकात 0.6 सेकंदाची मर्यादा आहे. सूत्राप्रमाणे त्याला सुमारे 62 चौरस मीटर शोषण लागेल, म्हणजे तेवढ्या उघड्या खिडकीइतकं. प्लास्टर, फरशी, काच मिळून आठ-दहाच्या वर जात नाहीत. उरलेलं मुलांच्या अंगावरचे कपडे, उघड्या खिडक्या आणि तुम्ही लावाल ते तक्ते यांतून यायचं.

साधं जिप्समचं गुळगुळीत फॉल्स सीलिंग यात जवळजवळ काही करत नाही, दिसायला मात्र छान दिसतं. लाकडी तंतूंचे किंवा खनिज लोकरीचे तक्ते घ्या, छताच्या कडांना आणि मागच्या भिंतीवर. आणि खर्च करण्याआधी स्वतः मोजा. वसतिगृहात गाद्या असतीलच.

जोतं_ते_गच्ची
निवृत्त स्थापत्य अभियंता. सगळे दगडी इमारतीची काळजी करताहेत, मला आरसीसीची जास्त वाटते. 1984 चं काँक्रीट, गच्ची गळत असेल तर आतल्या सळया गंजलेल्या असू शकतात. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचा पापुद्रा सुटतो. स्लॅबखाली तपकिरी डाग, खांबांना उभ्या भेगा दिसतात का? गिलावा करून आणि रंग देऊन ते झाकलंय का?

स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी करून घ्या, आणि ते नुसतं डोळ्यांनी बघून दिलेलं पत्र नको. काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा बघायला रिबाउंड हॅमर, आतल्या पोकळ्या-भेगांसाठी अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींची चाचणी), सळयांच्या गंजासाठी हाफ सेल ही विद्युत चाचणी, आणि काही ठिकाणी कोअर, म्हणजे काँक्रीटचा दंडगोल तुकडा काढून तपासणी. ऑडिट करणारा आणि दुरुस्तीचं काम घेणारा एकच नसावा. फॉल्स सीलिंग लावायचंच असेल तर ऑडिटनंतर, कारण ते लागलं की स्लॅब पुन्हा कोणाला दिसत नाही.

दगडी भिंतींसाठी: किल्लारीला 1993 मध्ये घरं कोसळली ती मातीत रचलेल्या जाड भिंतींची. दोन्ही बाजूंचे थर आरपार दगडाने बांधलेले नव्हते, ते सुटे झाले. तुमच्या भिंतीत असे दगड आहेत का ते एखाद्या कोपऱ्यात तपासा. नसतील तर ते नंतरही घालता येतात, खिडक्यांच्या वरून लोखंडी जाळीचा पट्टा फिरवता येतो. आयएस 13935 या भारतीय मानकात पद्धत दिली आहे.

उतार
मी चाकाच्या खुर्चीवर असतो. जोतं दोन फूट, म्हणजे 60 सेंटीमीटर असेल तर एकास बारा उताराने रॅम्प 7.2 मीटर लांब होतो, शिवाय मध्ये सपाट थांबा. लोक जागा वाचवायला तो अर्धा करतात आणि मग मला दोघांनी धरून चढवावं लागतं. रॅम्प मुख्य दारापाशीच करा, मागच्या बाजूने नको. दगडी इमारत बैठी आहे ही माझ्यासारख्यांसाठी मोठी गोष्ट आहे. प्रयोगशाळा आणि ग्रंथालय तिथे आणता आलं तर लिफ्टची वाट बघावी लागणार नाही.

कोयनाकाठ
तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

तृतीय वर्षाच्या मुलांना घेऊन आरसीसी वर्गात आवाज विरायला लागणारा वेळ मोजला. योगायोगाने आमचा वर्ग बरोबर 10 बाय 7 निघाला. फुगा फोडायचा आणि मोबाईलवर ध्वनिमुद्रण करून आलेख वाचायचा. रिकामी खोली, खिडक्या उघड्या: 2.4 सेकंद. वसतिगृहातून 20 गाद्या आणून मागच्या भिंतीला आणि बाकांवर उभ्या केल्या: 1 सेकंदाला किंचित कमी. मग 40 मुलं आत बसवून: 0.7. एरवी तासाला मागे बसणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, आज तुम्ही ओरडत नाही आहात." मी रोज ओरडते हे मला माहीतच नव्हतं.

आलेख आणि एसटीची_वाट यांचा प्रतिसाद समितीपुढे ठेवला. नवी इमारत बांधायचा विषय यंदापुरता बाजूला ठेवलाय. स्वच्छतागृहं आणि पाण्याची मोठी टाकी यांचं काम लगेच सुरू होतंय. आरसीसीचं ऑडिट बाहेरच्या माणसाकडून, त्याचा अहवाल आल्याशिवाय तिथे एकही खिळा ठोकायचा नाही असं ठरलं. दिवाळीनंतर कौलं उतरवणार. रॅम्प मुख्य दाराशी, मापं मीच घेतली.

दगडी इमारतीचा दक्षिणेकडचा एक कोपरा उघडून पाहिला. आरपार दगड आहेत, दर दीड-दोन मीटरवर एक. सिमेंटच्या दरजा मात्र सगळीकडे आहेत.

चुनागच्ची, तुम्हाला एक विचारायचंय. कराड-सांगली भागात घाणीत (दगडी चाकाच्या गिरणीत) चुना मळून देणारं कोणी अजून आहे का? की भिजवलेला चुना बाहेरून आणावा लागेल, आणि आणला तर इथल्या गवंड्यांना तो लावायला शिकवायला कोण येऊ शकेल?