मधुमेही उंदीर, चरबी आणि आपलं तूप: कालच्या पोस्टला उत्तर

टिळकवाडीकर
काल गटात पोस्ट फिरली: "मधुमेही उंदरांना तुपकट खायला घातलं, महिन्यात रक्तवाहिन्या तुंबल्या. कुंदा, मांडे, तूप आजपासून बंद." हे वाचून गप्प बसवत नाही. साध्या रॅटच्या, म्हणजे प्रयोगातल्या मोठ्या उंदराच्या, धमन्या अशा तुंबतच नाहीत. एचडीएल या 'चांगल्या' कणांतलं कोलेस्टेरॉल एलडीएलसारख्या 'वाईट' कणांत नेणारं सीईटीपी हे प्रथिन त्याच्यात नसतं, बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलमध्येच असतं. प्लाक, म्हणजे धमनीच्या भिंतीतला चरबीचा थर, बघायचा तर रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलायला लागणारं एपीओई किंवा एलडीएल रिसेप्टरचं जनुक काढलेले माऊस, म्हणजे छोटे उंदीर, घेतात.

रॅटमध्ये बिघडतं ते धमनीचं आतलं अस्तर. ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं, त्याने धमनी सैल होते. साखर आणि मेदाम्लं वाढली की सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा घातक प्रकार वाढतो आणि नायट्रिक ऑक्साइडला गाठून संपवतं. त्यातून होणारं पेरॉक्सिनायट्राइट बीएच४ ची नासाडी करतं, आणि मग त्या बीएच४ च्या मदतीने नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइमच उलटं सुपरऑक्साइड बनवायला लागतं. धमनी मोकळीच असते, पण वेळेला फुलत नाही.

निपाणीकर
म्हणजे नुकसान झालंच ना, सर? तुंबली काय नि आखडली काय, मधुमेह्याच्या पायाला रक्त कमीच पोचणार. वनस्पती तुपात परतलेला कुंदा खाणाऱ्याला तुमची ही फोड म्हणजे आयता परवाना.

खानापूरवाले
ओ सर, आमच्याकडची जुनी माणसं तूपभात खाऊन नव्वदीला पोचल्यात. त्या उंदराला काय गाईचं तूप घातलेलं का? काय घातलं ते सांगा की आधी.

टिळकवाडीकर
सांगतो. आपल्याकडे बरेच जण मोहालीच्या नायपर या औषधशास्त्र संस्थेचं 2005 चं मॉडेल, म्हणजे उंदीर मधुमेही करायची पद्धत, धरतात. किलोमागे 310 ग्रॅम डुकराची चरबी, 365 ग्रॅम दळलेलं नेहमीचं खाद्य, 250 ग्रॅम केसीन (दुधातलं प्रथिन), 10 ग्रॅम कोलेस्टेरॉल, उरलेल्यात जीवनसत्त्वं-क्षार, मेथिओनिन, यीस्ट, मीठ. सुमारे 58 टक्के उष्मांक चरबीतून. दोन आठवडे हे खाद्य, मग वजनाच्या किलोला 35 मिलीग्रॅम स्ट्रेप्टोझोटोसिन, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारणारं औषध, टोचायचं. यात तूप कुठेच नाही. म्हणून तूप निर्दोष ठरत नाही. तुपाबद्दल यातून काहीच कळत नाही, एवढंच.

चिकोडीकर
सगळे खाद्यावर भांडतायत, इंजेक्शनवर कुणी बोलेना. स्ट्रेप्टोझोटोसिन थंड सायट्रेट बफरमध्ये, पीएच 4.5, आणि विरघळलं की लगेच टोचायचं. टेबलावर रेंगाळलं की काही प्राणी मधुमेही होतच नाहीत. मग पुढच्या खेपेला डोस 60 वर नेतात, बीटा पेशी साफ होतात, इन्सुलिन संपतं, वजन उतरतं. टाइप 2 मध्ये इन्सुलिन असतं, पण नीट लागू पडत नाही; मग हा प्राणी टाइप 2 चा राहिला का? लेखावर मात्र टाइप 2 च छापतात.

दुसरं, हाताने मळलेलं खाद्य. बेळगावच्या पावसाळ्यात आठवड्यात खवट वास मारतं, बुरशी धरते. रॅट ते खात नाही, नुसतं कुरतडून भुशात पाडतो. पाडलेलं तोलत नसाल तर "इतकं खाल्लं" हा आकडाच खोटा. शिवाय खवट चरबीतले पेरॉक्साइड स्वतःच अस्तराला त्रास देतात. थोडं थोडं मळा, हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवा, उरलेलं रोज बदला.

आणि तुलनेचा गट! काही प्रयोगांत चरबीवाल्यांना केसीन-साखरेचं शुद्ध खाद्य आणि तुलनेला गहू-सोयाचं नेहमीचं? तंतू वेगळे, सोयातले इस्ट्रोजेनसारखे घटक वेगळे. फरक चरबीनेच पडला हे कशावरून?

निपाणीकर
चिकोडीकर, विषय काय आणि तुम्ही बुरशीवर काय! प्रत्येक चर्चा ॲनिमल हाऊसमध्येच नेऊन संपवायची का? चला, तुलनेच्या खाद्याचं मान्य. पण माणसांचं काय? 1997 मध्ये निरोगी माणसांना 50 ग्रॅम चरबीचं एकच जेवण दिलं, आणि पुढचे काही तास दंडाची धमनी कमी फुलली. तिथे ना स्ट्रेप्टोझोटोसिन, ना भुसा.

टिळकवाडीकर
तो अभ्यास दहाच जणांचा, आणि परिणाम काही तासांत ओसरला. तरी दिशा तीच आहे, हे मानावं लागतं. पण "मधुमेह आणि त्यात चरबी म्हणजे दुप्पट प्लाक" हे गणित माझ्याच्याने मानवत नाही. 1949 मध्ये डफ आणि मॅकमिलन यांनी ॲलॉक्सन या बीटा पेशी मारणाऱ्या रसायनाने मधुमेही केलेल्या सशांना कोलेस्टेरॉल घातलं, तर प्लाक उलट कमी झाला. रक्तातले मेदकण एवढे मोठे झाले होते की धमनीच्या भिंतीत शिरेनात, असं त्याचं कारण पुढे दिलं गेलं.

चिकोडीकर
बुरशी नको तर कडीचं ऐका. धमनी सैल होते का हे बघायला ॲओर्टाच्या, म्हणजे मुख्य धमनीच्या, 2-3 मिलीमीटरच्या कड्या कापून तारेवर अडकवतात; तेव्हा तार आत घासली की अस्तरच जातं. मग फिनाइलेफ्रिनने आखडलेली कडी, अस्तरामार्फत काम करणाऱ्या ॲसिटिलकोलीनने सैल होत नाही आणि दोष आहारावर येतो. स्नायूवर थेट काम करणाऱ्या नायट्रोप्रुसाइडने सैल झाली तर स्नायू ठीक एवढंच कळतं. अस्तर खरवडलं की आहाराने बिघडलं, ते कळत नाही. म्हणून दोन्ही गटांच्या कड्या एकाच हाताने, गट माहीत नसताना कापायच्या. हे लिहिलं नसेल तर तो आलेख मी मोजत नाही.

खानापूरवाले
कड्या राहू दे ओ. मधुमेह्यानं तूप खायचं का नाही?

निपाणीकर
एकूण उष्मांक आणि एलडीएल बघून ठरेल, काका. बहुतेकांना दिवसाला चमचाभर, तेही तेल तेवढं कमी करून. वनस्पती मात्र बंदच.

टिळकवाडीकर
2022 पासून ट्रान्स फॅट 2 टक्क्यांच्या आत आणायला लावलंय, ताई. पण संपृक्त चरबी आहेच, तेव्हा वनस्पती बंद करण्यावर माझं भांडण नाही. त्या पोस्टखाली वरची खाद्याची कृती टाकतो, लोकांना कळू दे असल्या प्रयोगांत उंदरांना काय घालतात.