सकाळी निघून रात्री घरी : पुण्याहून गाडीने एका दिवसाची सहल, तुमचे अनुभव सांगा

हडपसरकर
मागच्या रविवारी आमची सहल झाली. झाली म्हणजे उरकली. गाडीत पाच जण: आम्ही दोघं, लेक, आई आणि मावशी. बेत मीच आखला होता, त्यामुळे दोषही माझाच. सोलापूर रस्त्याने यवत, तिथून वर भुलेश्वर, मग जेजुरी, मोरगाव, येताना सासवडला संगमेश्वर आणि दिवे घाटातून घरी. नकाशावर सगळं मिळून दीडशे किलोमीटरच्या आसपास. म्हटलं, हातचा मळ आहे.

भुलेश्वरला पोचायलाच साडेदहा झाले. यादवकाळातलं देऊळ. आत शिरल्यावर आधी काहीच दिसत नाही, मग डोळे सरावतात आणि भिंतीवरच्या मूर्ती एकेक करून पुढे येतात. आई एका खांबाला टेकून निवांत बसली होती. तिला मी घड्याळ दाखवून उठवलं. जेजुरीला पोचलो तर साडेबाराचं ऊन, पायऱ्यांचे दगड तापलेले, आणि रविवार हा खंडोबाचा वार हे पायथ्याची गर्दी बघितल्यावर आठवलं! मावशी निम्म्यातून परत फिरली. मोरगावला पंधरा मिनिटं. सासवड गाळलं. दिवे घाटात गाड्यांच्या दिव्यांची माळ, घरी पावणेदहा. लेक झोपलेली, आई गप्प.

ठिकाणांच्या याद्या पैशाला पासरी मिळतात, त्या नकोत. किती वाजता निघालात, काय गाळलंत, बेत कुठे फिसकटला आणि कुठे जमला, ते लिहा.

घाटवेडा
हडपसरकर, तुम्ही किलोमीटर मोजलेत. पुण्याच्या कुठल्याही बाजूला तास मोजायचे असतात. आणि पहिला तास शहरातून बाहेर पडण्यातच जातो, तो वेगळा धरायचा.

आमची फजिती ताम्हिणीची. जुलैचा दुसरा शनिवार, चांदणी चौक सोडला साडेनऊला. (इथेच चूक झाली. साडेनऊला निघणारा माणूस सगळ्या पुण्याबरोबर निघतो.) मुळशी धरणाच्या काठाने छान गेलो. पुढे धबधबे सुरू झाले आणि रस्ता संपला. म्हणजे रस्ता होता, पण दोन्ही कडांना गाड्या लावलेल्या, मधल्या फटीतून समोरासमोर दोन बस आलेल्या, आणि एका गाडीच्या बॉनेटवर मक्याची कणसं ठेवून चार जण नाचत होते. दोन तास चाळीस मिनिटं आम्ही एका वळणावर उभे. मोबाइलला रेंज नाही. बायकोच्या मोबाइलवर नकाशा आधी उतरवून ठेवलेला होता, पण मागे-पुढे सरकताच येत नसेल तर नकाशा काय करणार? धबधबा पाहिला, काचेतून.

आता पावसाळ्यात ताम्हिणीला जायचं तर मंगळवारी-बुधवारी रजा टाकून, सहाच्या आत चांदणी चौक पार. आणि आदल्या रात्री जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश बघून. धबधब्यांवर, धरणांवर पावसाळ्यात बंदी लागते आणि ती नुसती कागदावर नसते, पोलीस खरोखर परत पाठवतात. २०२४ च्या जूनमध्ये भुशी धरणामागे एक कुटुंब वाहून गेलं, तेव्हापासून त्याबद्दल माझी कुरकुर बंद झाली आहे.

सीएनजीवाला
सहलीच्या दिवशी सकाळी गॅस भरायला जाऊ नका. आदल्या रात्री अकराला भरा. आमच्या घरी पंपावर सगळ्यांना खाली उतरवायचं, आज्जीची काठी शोधायची, परत बसवायचं, यात एकदा सव्वा तास गेला होता. आणि डिकीत टाकी असते, त्यामुळे पाच माणसांचं सामान कुणाच्या मांडीवर बसणार हे घरूनच ठरवून निघा. चढाला गाडी कण्हायला लागली की सरळ पेट्रोलवर घ्यायची, तिथे काटकसर नको.

चौघीजणी
आम्ही चार मैत्रिणी, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. दोघी गाडी चालवतात, दोघी सूचना करतात. वर्षातून चार सहली ठरलेल्या.

इथे कुणी लिहिणार नाही म्हणून मीच लिहिते. आमचा बेत स्वच्छतागृहांवरून ठरतो. देवळं, किल्ले नंतर. कुठल्या पंपावरचं उघडं असतं, कुठल्या हॉटेलात चहा घेतला की किल्ली न मागता मिळते, याची आमची एक वही आहे. सातारा रस्ता त्या बाबतीत बरा, म्हणून वाई आमची आवडती. निघायचं साडेपाचला. नवले पूल अंधारात ओलांडला की अर्धी लढाई जिंकली. खंबाटकीला जाताना घाट चढायचा, येताना बोगदा. त्यामुळे जातानाच उजेड हवा, येताना अंधार पडला तरी चालतो.

वाईत कृष्णेचा घाट, ढोल्या गणपती, आणि मग मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा आणि खाली नदीवरचा घाट. तिथे देवळात एक पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे, १७०७ साल घातलेली. चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेनंतर अशा घंटा देशावर आल्या, त्यांतली ही एक. आम्ही त्या घाटावर बसून डबे सोडतो: दशम्या, तिळाची चटणी, दही. आमच्यातली एक जण विश्वकोशाचं कार्यालय वाईत आहे म्हणून दर वेळी त्या बाजूला हात जोडते, गणपतीला जोडते तसेच.

पसरणी घाट चढून पाचगणीला जायचा मोह दर वेळी होतो. दोन वेळा त्याला बळी पडलो, दोन्ही वेळा घरी अकरा वाजले. आता सूचना करणाऱ्या दोघींना त्या विषयावर बोलायला बंदी आहे.

दोन_पोरांची_आई
थोरल्याला गाडी लागते. घाटाच्या आधी दूध नाही, मोबाइल नाही, पुढची काच दोन बोटं खाली, आलेपाक हाताशी आणि पिशव्या तर घरभर! तरी एकदा भोरच्या पुढे वरंध घाटात जायचं ठरवलं होतं, पहिल्या चार वळणांतच बेत बदलला. मागे फिरलो आणि नसरापूरच्या बनेश्वरला दिवस काढला. झाडी, कुंड, सपाट रस्ता. पोरं म्हणतात तीच त्यांची सगळ्यात छान सहल. वरंध त्यांना आठवतही नाही.

निवृत्त_मास्तर
मी आठवड्याच्या मधल्या वारी जातो, तो निवृत्तीचा एकमेव भत्ता.

नाशिक रस्त्याबद्दल सांगतो. मंचर, नारायणगावला बाह्यवळण झालं, पण चाकण चाकणच आहे. सहाच्या आत चाकण ओलांडलं तर जुन्नरात न्याहारी, नाहीतर चाकणमध्येच. नातवाला घेऊन आम्ही दोन गोष्टी केल्या. आधी नारायणगावजवळ खोडद. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची. काही शेतांमधून रस्त्यावरूनच दिसतात. द्राक्षाच्या मांडवापलीकडे एवढी थोरली जाळीची वाटी आभाळाकडे तोंड करून उभी! आत शिरायला परवानगी लागते. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास मात्र तिथे प्रदर्शन भरतं, शाळांची झुंबड उडते.

मग नाणेघाट. गाडी जवळपास खिंडीपर्यंत जाते. वरच्या गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी शिलालेख आहे, त्यात यज्ञांत दिलेल्या दक्षिणांचे आकडे कोरलेले आहेत. नातवाला म्हटलं, बघ, दोन हजार वर्षांपूर्वीचं गणित. तो म्हणाला, उत्तर कुठंय? बाहेर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण. त्यात त्याने डोकावून पाहिलं, चिप्सची पाकिटं होती. ती आम्ही काढून गाडीत टाकली.

शिवनेरी, लेण्याद्री, ओझर हे सगळं हाकेच्या अंतरावर होतं. एकाही ठिकाणी गेलो नाही. सूर्य मावळायच्या आत हमरस्त्याला लागायचं, हा माझा जुन्नरचा नियम. ऊसपट्टा आहे, बिबट्यांचा मुलूख आहे, आतल्या रस्त्यावर पंक्चर काढत बसायची वेळ येऊ नये. स्टेपनीत हवा आहे का, हे आदल्या दिवशी बघा. माझ्या स्टेपनीत एकदा नव्हती.

न्यूजर्सीहून_सुट्टीवर
अमेरिकेत शंभर मैल म्हणजे पावणेदोन तास, हे डोक्यात पक्कं बसलेलं. भावाला म्हटलं, कास साधारण १३५ किलोमीटर, दहाला निघू. तो काही बोलला नाही, नुसता हसला. फुलांच्या हंगामात तिथे आधी आरक्षण करावं लागतं, हेही मला साताऱ्यात कळलं. कंदी पेढे घेऊन परत आलो.

उजनीकाठचा
मी भिगवणकडचा. तुम्ही मंडळी येता त्या बाजूने थोडं लिहितो.

पुण्यातून येणारे फोन करून एकच विचारतात, ‘रोहित आलेत का?’ रोहित म्हणजे फ्लेमिंगो. आले की नाही हे धरणाच्या पाण्यावर असतं, तारखेवर नाही. रोहित पक्ष्याला घोट्याएवढं पाणी आणि चिखल लागतो. पाऊस जास्त झाला, उजनी तुडुंब राहिली, की चिखल उघडा पडायलाच फेब्रुवारी येतो. मग डिसेंबरात आलेले चिडतात. त्या दिवसांत पट्टकदंब असतात, बदकं असतात, शिकारी पक्षी असतात, पण त्यांना गुलाबीच हवं असतं.

नाव उगवतीला पाण्यात असायला हवी. म्हणजे पुण्यातून चारला निघा. आठनंतर ऊन चढतं, पक्षी आत सरकतात. आणि नावाड्याला ‘जरा उडवा ना, फोटो चांगला येईल’ असं म्हणू नका. तो तुमच्या पैशासाठी उडवेल, पण दुसऱ्या दिवशी थवा लांब बसेल. दहाला कुंभारगावात चिलापीची थाळी खा आणि ऊन व्हायच्या आत घरी जा. कुणी मे महिन्यात आलंच, तर पाणी आटल्यावर पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. धरणात गेलेल्या गावाचं ते देऊळ आहे. तिथे आमची म्हातारी माणसं येतात, तेव्हा जरा हळू बोला.

विजेची_गाडी
ताम्हिणीने माणगाव, शंभरेक किलोमीटर. जाताना उतार म्हणून ३६ टक्के गेले, मी खूश. येताना त्याच रस्त्याला ५५. जाण्याच्या आकड्यावर परतीचा हिशोब करू नका, घाट येताना चढायचा आहे. माणगावला जेवता जेवता चार्ज केली म्हणून वाचलो.

हडपसरकर
सगळ्यांचे आभार. उजनीकाठचे दादा, तुमचं वाचून आईला पळसदेव दाखवायचं ठरवलं आहे, पण ते मे महिन्यात. या बुधवारी मात्र परत भुलेश्वर. मी रजा टाकली आहे. मास्तर, एकच ठिकाण म्हणताना जरा जड जातंय, जाता जाता थेऊर करायला हरकत नाही ना?

निवृत्त_मास्तर
थेऊर कुठे पळून जात नाही. भुलेश्वरला बॅटरी घेऊन जा, मोबाइलचा उजेड पुरत नाही. आत स्त्रीरूपातला गणपती कोरलेला आहे, तो मागच्या खेपेला तुमच्या आईंनी पाहिला का?

हडपसरकर
विचारलं. म्हणाली, तो शोधतच होते, तू उठवलंस.