मदत हवी आहे: पानाखाली बारीक किडे, काय मारावं?

दुधनाकाठ: पानाच्या मागं अन् शेंड्यावर बारीक किडे झालेत, रस शोषणारे दिसतात. कोवळी पानं वळायलीत, हाताला चिकट लागतंय, मुंग्या पण चढायल्या. फोटो टाकलाय. ओळखता येत असेल त्यानं नाव सांगावं अन् काय मारायचं तेवढंच. उद्या सकाळी फवारायला ब्लोअरवाला येणार, घाई आहे.

खुरपं: फोटोत तुमचा अंगठा छान आलाय. किडा कुठंय? अन् पीक कोणतं?

काळी माती: मावा आहे. डोळे झाकून इमिडाक्लोप्रिड मारा. आमच्या कपाशीला दरवर्षी तेच मारतो, दुसऱ्या दिवशी साफ.

दशपर्णी: रासायनिकचा नाद सोडा. दहा झाडांचा पाला, शेण, गोमूत्र, महिनाभर कुजवायचं. जमीन पण सुधारते. कृती हवी असेल तर विचारा.

खुरपं: माणसाला उद्या फवारायचंय, तुम्ही महिनाभर कुजवायला सांगा.

दुधनाकाठ: अहो मोसंबी! अंबड तालुक्यात दुसरं काय असणार?

खुरपं: अंबडचे आहात हे तरी कुठं सांगितलं होतं?

भिंगवाला: मोसंबीवर मावा येतो, नाही असं नाही. पण आधी शेंड्याला टिचकी मारून बघा. किडे गोलसर, ढिम्म हलत नाहीत अन् पाठीमागच्या बाजूला दोन बारीक नळ्या दिसतात, तर मावा. मोठे किडे तपकिरी, ३-४ मिलिमीटरचे, डोकं पानाला टेकवून बूड वर करून तिरपे बसलेले अन् टिचकीसरशी उडणारे, तर सायला. त्याची पिलं चपटी, पिवळसर, अन् त्यांच्या अंगातून मेणाचे पांढरे कुरळे दोरे निघतात. पानामागं काळे खवले चिकटलेत अन् कडेला पांढरी झालर आहे, तर काळी माशी. अन् नुसती धूळ सरकल्यासारखी दिसली तर कोळी. कोळ्याला आठ पाय, तो कीटकच नाही. इमिडानं त्याचं काही वाकडं होत नाही.

काळी माती: एवढं बघत बसलो तर बाग जाईल राव. इमिडानं मावा मरतो, सायला मरतो, तुडतुडे मरतात. मग नाव कशाला पाहिजे?

भिंगवाला: एक म्हणजे आंबे बहाराचं, म्हणजे मोसंबीचं जानेवारी-फेब्रुवारीतलं, फूल असेल आत्ता, अन् इमिडा मधमाशीला घातक आहे. मधमाशीला मारणारं औषध फुलावर कसं मारता? दुसरं, मावा ट्रिस्टेझा रोगाचा विषाणू पसरवतो, सायला ग्रीनिंग रोगाचा जिवाणू. ग्रीनिंग लागलेलं झाड बरं होत नाही. म्हणून नाव पाहिजे.

तुतीवाला: माझं ऐका, मोसंबी काढा अन् तुती लावा, रेशमाचे किडे पाळा. फळगळ नाही, व्यापाऱ्याची वाट बघणं नाही. जालन्याला कोष बाजार आहेच.

खुरपं: किडे घालवायचे कसे ते विचारलं, तर हे किडे पाळा म्हणतात.

तुतीवाला: हसा. शेजाऱ्यानं बागेत फवारलं अन् वाऱ्यानं आमच्या तुतीवर आलं, अख्खी चॉकी, म्हणजे रेशमाच्या लहान अळ्या, गेली होती. फवारायच्या आधी शेजारी सांगत जा, एवढं तरी करा.

दुधनाकाठ: भांडणं नंतर करा. फूल आहे. टिचकी मारली, मोठे उडाले. पांढरे दोरे पण आहेत, भाऊ म्हणतो बुरशी आहे. आता काय मारू?

भिंगवाला: सायला. फूल असेपर्यंत निंबोळी अर्क ५ टक्के: ५ किलो निंबोळी भरडून रात्रभर पाण्यात भिजवा, गाळून १०० लिटर करा, २०० ग्रॅम साबण घाला. संध्याकाळी मारा, अन् नवतीवर, म्हणजे कोवळ्या फुटीवर, पानाच्या खालून. वरून धुरळा उडवून उपयोग नाही. फूल सरल्यावर औषध लागलंच तर लेबलवर मोसंबी अन् सायला दोन्ही लिहिलेलं घ्या, दरवेळी एकच नको. जुनी पानं पण बघा. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखा पिवळेपणा असेल तर बहुतेक जस्त कमी. एका अंगाला एक अन् दुसऱ्याला भलतेच चट्टे असतील तर ग्रीनिंगची शंका. डोळ्यानं खात्री होत नाही, प्रयोगशाळेत पीसीआर तपासणी लागते. फांदी घेऊन खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात नाहीतर बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्रात विचारा. अन् जवळपास कढीपत्ता किंवा कामिनी आहे का?

दुधनाकाठ: विहिरीपाशी कढीपत्ता आहे. त्याचा काय संबंध?

भिंगवाला: सायला त्याच्यावरही अंडी घालतो. बाग फवाराल, अन् तिकडून परत येतील.

दुधनाकाठ: आई तोडू देणार नाही.

खुरपं: तोडू नका, कोवळे शेंडे छाटा अन् जाळून टाका. त्याच्यावर औषध मारू नका फक्त, आमटीत पडतो तो.

काळी माती: धुतला की झालं.

भिंगवाला: इमिडा आंतरप्रवाही आहे, पानाच्या आत जातं. धुऊन निघत नाही.

लातूरची कुंडी: माझ्या जास्वंदीला कापसासारखं पांढरं लागलंय, हा पण सायलाच का?

खुरपं: पिठ्या ढेकूण असेल. ताई, वेगळा धागा काढा.

दुधनाकाठ: ब्लोअरवाल्याला परवा संध्याकाळी ये म्हणालो. अंबड-घनसावंगीकडं निंबोळ्या कुणाकडं आहेत का? गेल्या पावसाळ्यातल्या चालतील?

दशपर्णी: सावलीत वाळवलेल्या चालतात. बुरशी लागलेल्या घेऊ नका.

तुतीवाला: माझ्याकडं पोतंभर आहेत, चांगल्या वाळलेल्या. पण भोकरदनला यावं लागेल. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो.