पात्रं कागदीच राहतात, नटांच्या तंत्राचा लेखनात खरंच उपयोग होतो का?

अर्धा_मसुदा

मंडळी, एक दीर्घकथा लिहितोय, निम्मी झालीय, आणि ज्यांना ज्यांना वाचायला दिली त्यांचं एकच म्हणणं की गोष्ट बरी आहे पण माणसं सगळी तुझ्यासारखीच बोलतात. बहीण, भाऊ, वकील, शेजारी, सगळे एकाच तोंडाने. आता मी प्रत्येकाची अगदी कुंडली मांडून ठेवलीय हो, जन्मसाल, शिक्षण, आवडता रंग, लहानपणी कशाची भीती वाटायची इथपर्यंत, पण लिहायला बसलो की त्यातलं काहीच कामाला येत नाही. एक नाटकवाला मित्र म्हणाला की नट भूमिका उभी करताना जे करतात ते करून बघ, चार नावं फेकली आणि गायब झाला. म्हणजे नक्की काय करायचं? आरशासमोर उभं राहून संवाद म्हणायचे? की स्वतःची जुनी दुःखं उकरून काढायची?

नमुना टाकतो. मोहनला वडिलांचं घर विकायचंय, त्यासाठी मोठ्या बहिणीची सही पाहिजे, म्हणून तो तिच्याकडे आलाय.

«मोहनला प्रचंड राग आला होता. ताईने आपल्याला कधीच समजून घेतलं नाही असं त्याला वाटलं. तो म्हणाला, "ताई, मला पैशांची खूप गरज आहे. तू सही केली नाहीस तर माझं वाटोळं होईल." ताईला वाईट वाटलं, पण ती ठाम होती. "हे घर म्हणजे बाबांची आठवण आहे मोहन," ती म्हणाली.»

झोडा बिनधास्त.

विंगेतून

झोडण्यासारखं काही नाही, पण दोघंही मनातलं सगळं पहिल्याच वाक्यात ओकून मोकळे झालेत, मग पुढे करायला उरलं काय?

तालमीत नटाला विचारतात, या प्रवेशात तुला काय पाहिजे. तो म्हणाला "मला राग आलाय" तर दिग्दर्शक तिथेच थांबवणार, कारण राग ही करायची गोष्ट नाही, तो काहीतरी करता करता येतो किंवा येत नाही. करता काय येतं? ताईला बोलण्यात गुंतवणं, तिला लाज आणणं, दमात घेणं, गोंजारणं, स्वतः बिचारं होणं. ही सगळी क्रियापदं आहेत बघ. मोहनला सही पाहिजे हा त्याचा ऑब्जेक्टिव्ह, ताई देत नाहीये हा अडथळा, आणि एक युक्ती फसली की तो दुसरी काढतो, तिथे प्रवेशाचा तुकडा बदलतो. स्टॅनिस्लाव्हस्की या रशियन नट-दिग्दर्शकाने ही विचारपद्धत मांडली, तोच ज्याने १८९८ साली नेमिरोविच-दानचेन्कोबरोबर मॉस्को आर्ट थिएटर काढलं, आणि आज जगभर नट जे काही शिकतात त्यातलं बरंचसं या ना त्या वाटेने त्याच्याकडूनच आलेलं आहे, त्याला विरोध करणाऱ्यांचंसुद्धा.

आता तुझी कुंडली का चालत नाही ते. नट पात्राचा इतिहास काढतोच, पण त्यातलं आत्ता या क्षणी अंगाला काय टोचतंय तेवढंच घेऊन स्टेजवर जातो. गिव्हन सर्कमस्टन्सेस म्हणतात त्या ह्याच. उटा हेगन नावाची न्यूयॉर्कची नटी आणि शिक्षिका होती, ती विद्यार्थ्यांना प्रश्नांची उत्तरंच काढायला लावायची, मी कोण, किती वाजलेत, मी कुठे आहे, भोवती काय काय आहे, समोरच्याशी माझं नातं काय, मला काय पाहिजे, आड काय येतंय, ते मिळवायला मी काय करतो. मोहनचा आवडता रंग यात कुठेच बसत नाही. पण तो घर घेणाऱ्याला संध्याकाळपर्यंत कळवतो म्हणून सांगून आलाय का, ताईकडे याआधी कधी आला होता, शेजारच्या खोलीत कोणी ऐकतंय का, कागद हातात आहे की खिशात घडी करून ठेवलाय, ही उत्तरं मिळाली की अर्धे संवाद आपोआप सुचतात.

आरशाचं म्हणशील तर आरसा नको, स्वतःकडेच बघत बसशील. उभं राहून मोठ्याने बोल मात्र. बसून लिहिलेलं वाक्य आणि तोंडातून निघणारं वाक्य यात फार फरक असतो, "माझं वाटोळं होईल" हे भावाच्या तोंडून एकदा म्हणून बघ, जीभच अडते.

काठावरचा

थोडं थंड पाणी ओततो, रागावू नका.

नटाकडे आवाज आहे, चेहरा आहे, वर लाइट आहे. "बस ना" एवढे दोन शब्द तो पाच तऱ्हांनी म्हणतो आणि पाच वेगळी नाती दाखवतो. आपल्याकडे नुसते "बस ना" छापलेले असतात. मग नाटकातून लेखनाकडे वळलेले लोक ती उणीव हातवाऱ्यांनी भरून काढायला जातात, प्रत्येक संवादाच्या शेपटीला त्याने उसासा टाकला, तिने नजर वळवली, त्याने ओठ चावला, तिने केस मागे सारले. चार पानांत सगळ्या पात्रांना मानेचा आजार झाल्यासारखं वाटतं. हे अभिनयाचं तंत्र नव्हे, ही लेखकाने लिहिलेली रंगसूचना आहे, आणि चांगले नट तालमीला बसताना अशा सूचना बहुतेक वेळा पेन्सिलीने खोडतात.

दुसरं, गद्यात माणसाच्या डोक्यात शिरायची सोय आहे, ती रंगमंचाला स्वगताखेरीज नाही. ती सोय नाटकाच्या नादाने सोडून द्यायची का? सगळं बाहेरूनच दाखवायचं म्हटलं तर कथेऐवजी पटकथा लिही की सरळ. आणि नट एकच भूमिका करतो, याला बहीण, भाऊ, वकील, शेजारी सगळे करायचेत, शिवाय निवेदक.

विंगेतून

@काठावरचा, उसाशांबद्दल शंभर टक्के मान्य. पण ऑब्जेक्टिव्हचा आणि हातवाऱ्यांचा संबंध नाही. उलट काय पाहिजे ते पक्कं असलं की हावभाव कमीच लागतात. आणि डोक्यात शिरायची सोय सोडू नकोच, फक्त डोक्यात शिरल्यावर "त्याला राग आला" एवढाच रिपोर्ट घेऊन बाहेर येऊ नये. माणूस मनातही स्वतःला काहीतरी पटवत असतो, तिथेही क्रिया चालूच असते.

दुपारवेळ

जुनी दुःखं उकरण्याच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही म्हणून लिहितेय.

हा वाद नटांमध्येच जुना आहे. १९३१ साली न्यूयॉर्कमध्ये ग्रुप थिएटर सुरू झालं, तिथे ली स्ट्रासबर्ग हा दिग्दर्शक नटांना भावस्मृतीवर काम करायला लावायचा, म्हणजे रडायचा प्रवेश असेल तर स्वतःच्या आयुष्यातला तसा प्रसंग आठवायचा, खोलीतला वास, कापडाचा स्पर्श असल्या बारीकसारीक इंद्रियांच्या खुणांवरून, आणि ती भावना परत जागी करायची. त्याच मंडळीतली नटी स्टेला अॅडलर, तिला ते जाचत होतं. १९३४ साली ती पॅरिसला खुद्द स्टॅनिस्लाव्हस्कीला भेटली, काही आठवडे त्याच्याबरोबर काम केलं आणि परत येऊन सांगितलं की भर द्यायचा तो परिस्थितीवर, कृतीवर आणि कल्पनाशक्तीवर. स्ट्रासबर्गला ते पटलं नाही आणि तिथून अमेरिकेतल्या अभिनयशिक्षणाच्या वाटा फुटल्या त्या फुटल्याच.

लेखकासाठी मी अॅडलरच्या बाजूची आहे. लिहिताना आपण ढसाढसा रडलो म्हणजे पान ओलं होतं, वाचक रडतोच असं नाही. शिवाय स्वतःचंच दुःख सगळ्यांना वाटत सुटलं की सगळी पात्रं आपल्यासारखीच होणार, आणि हीच तर तुझी मूळ तक्रार आहे अर्धा_मसुदा! आठवणीतून घ्यायचंच असेल तर भावना घेऊ नकोस, तपशील घे. अवघडलेल्या भेटीत लोक हातांचं काय करतात, कुठली फालतू गोष्ट अचानक फार बारकाईने बघायला लागतात, असलं.

आणि एवढं लांब जायची गरजही नाही, नाट्यशास्त्रातलं रससूत्र काढून बघा. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रस निष्पन्न होतो असं आहे त्यात. स्थायी भाव, म्हणजे राग, शोक अशी मुळातली टिकून राहणारी भावना, सूत्रात आलेलाच नाही, त्यावरून टीकाकारांनी नंतर पुष्कळ काथ्याकूट केला, पण आपल्या कामाचं एवढंच की राग राग म्हणून राग दिसत नाही, त्याचं कारण दाखवा, त्याच्या खुणा दाखवा आणि मध्ये मध्ये येऊन जाणारे भाव दाखवा. हे येऊन जाणारे तेहतीस मोजलेत, शंका, असूया, श्रम, चिंता, स्मृती, लाज, गर्व वगैरे. मोहन नुसता रागावलेला आहे म्हणून कागदी आहे. रागातच त्याला मध्येच थकवा येऊ दे, एखादी आठवण येऊ दे, क्षणभर स्वतःचीच लाज वाटू दे. आणि त्या तेहतीसमध्ये अवहित्थ म्हणून एक आहे, मनातला भाव लपवणं. तुझ्या अख्ख्या प्रवेशात तो कुठेच नाहीये बघ, आणि भाऊ-बहिणीच्या पैशाच्या बोलण्यात तर तोच सगळ्यात जास्त असतो.

रात्रपाळी

सगळे एकाच तोंडाने बोलतात यावर एक सोपा उपाय, स्टेटस. कीथ जॉनस्टन हा नाट्यशिक्षक लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये असताना त्याने यावर खेळ तयार केले, पुढे इम्प्रोवाल्यांनी, म्हणजे संहितेशिवाय आयत्या वेळी प्रवेश उभा करणाऱ्यांनी, ते उचलले. त्याचं म्हणणं असं की दोन माणसं बोलतात तेव्हा प्रत्येक वाक्यात कोणीतरी किंचित वर जातं, कोणीतरी किंचित खाली, आणि हे स्टेटस म्हणजे हुद्दा नव्हे, नोकर मालकाच्या वरचढ वागू शकतो. संवाद लिहून झाला की मी समासात प्रत्येक वाक्यापुढे वर किंवा खाली असा बाण काढतो. सगळे बाण एकाच दिशेचे आले तर प्रवेश मेलेला असतो, दुरुस्त करत बसत नाही, नवा लिहितो.

तुझ्या तुकड्यात मोहन सतत खाली, ताई सतत वर. पण मदत मागणारा माणूस असा कुठे वागतो, तो आधी चार वाक्यं ताईलाच खाली आणायला बघेल, तब्येतीची चौकशी करून का होईना. कोण कोणाला मध्येच तोडतं, कोण प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देतं, कोणाला गप्प बसणं परवडतं, यातूनच आवाज वेगळे होतात. प्रत्येकाला एकेक तकियाकलाम चिकटवून होत नाहीत, तो प्रकार फार बोअर होतो.

अवांतर: मायकेल चेखोव्ह या नट-शिक्षकाचा एक प्रकार पण करून बघ, सायकॉलॉजिकल जेश्चर. पात्राची मुख्य इच्छा एकाच मोठ्या हालचालीत पकडायची, ओढणं, ढकलणं, कवटाळणं, जे असेल ते, खोलीचं दार लावून पूर्ण अंगाने करायची आणि मग बसून लिहायचं. ती हालचाल कथेत लिहायची नाही! नटसुद्धा प्रेक्षकांना ती दाखवत नाही, आतल्या आत ठेवतो. वाक्यांची लय मात्र बदलते. माझ्या एका पात्राचं ढकलणं होतं, तिची सगळी वाक्यं आपोआप तोडकी व्हायला लागली.

अर्धा_मसुदा

बापरे, भरपूर मिळालं, सगळ्यांना धन्यवाद. वेळ, जागा, कागद कुठे, एवढं ठरवलं आणि घरात फेऱ्या मारत मोठ्याने बोलून परत लिहिलं. बघा:

«"गुडघा कसाय आता?"

"आहे तसाच. बस ना, उभा काय."

"बसतो. जिना चढताना मनात आलं, ताईला हे रोज कसं जमतं. बाबांच्या घराला तर दोन जिने."

"मी तिथे राहायला जाणार नाहीये मोहन."

"तेच म्हणतोय मी." त्याने खिशातून कागद काढला, घडी उलगडून टेबलावर ठेवला, वर पेन. "कोणीच राहणार नाहीये."

ताईने पेन उचललं. "हे बाबांचं ना?"

"हो. म्हणजे, सापडलं ड्रॉवरमध्ये."

"आणखी काय काय सापडलं?"

मोहनला जाणवलं की आपण हरलो, आणि त्याला खूप अपराधी वाटलं.»

पेन बाबांचं असणार हे मला आधी माहीतच नव्हतं, ताईच्या जागी उभं राहून टेबलाकडे बघितलं तेव्हा सुचलं.

काठावरचा

मी म्हटलं होतं थंड पाणी, पण हे आवडलं. एक पेन सगळं काम करतंय, एक उसासा नाही. शेवटचं वाक्य मात्र काढून टाक, ते जुन्या मसुद्यातून पळून आलंय. आणि तिथे मोहनच्या डोक्यात शिरायचंच असेल तर भावनेचं नाव घेऊ नकोस, त्याचा हिशोब लिही. "दुसरं पेन आणायला पाहिजे होतं" असं काहीतरी. हरल्यावरसुद्धा तो अजून सहीचाच विचार करतोय हे कळतं, आणि वाचकालाच त्याच्याबद्दल जरा लाज वाटते.

रात्रपाळी

+१. बाण काढले मी, "तेच म्हणतोय मी" पर्यंत मोहन वर वर चढतोय आणि "हे बाबांचं ना" ला एका झटक्यात खाली. मस्त. फक्त "आहे तसाच" वर ताई जरा लवकर खाली जाते असं वाटलं, तिला गुडघ्याबद्दल बोलायचंच नसेल तर ती विषय टाळेल.

दुपारवेळ

नाही, ते राहू दे. "आहे तसाच" मध्ये तिचा थकवा आहे, आणि त्यामुळेच पुढचा प्रश्न धारदार लागतो.

विंगेतून

मोहनला काय पाहिजे ते आता स्वच्छ आहे. ताईला काय पाहिजे? "सही करायची नाही" हे उत्तर चालणार नाही, न करणं कोणत्याच नटाला करता येत नाही. तिला मोहनकडून काहीतरी हवं असणार, कबुली म्हण, माफी म्हण, किंवा नुसतं त्याने अजून तासभर थांबावं. ते एका ओळीत इथे लिही आणि मग हाच प्रवेश तिच्या बाजूने एकदा लिहून काढ, कथेत वापरायचा नसला तरी. वकील आणि शेजारी त्यानंतर घेऊ.