‘जोडणी गेली’, ‘संपर्क तुटला’ की नुसतं ‘नेट गेलं’?

लक्ष्मीपुरीकर :
संस्थेचा सर्व्हर पावसाळ्याआधी तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर नेला. २०१९ आणि २०२१ चं पाणी बघितल्यापासून खाली काही ठेवायचा संचालकांना धीर होत नाही. वर नेल्यावर मशीन सुरू झालं, पंखे फिरतायत, स्क्रीनवर लॉगिन येतंय, पण खाली काउंटरवर सॉफ्टवेअर उघडत नाही. फॉल्ट शोधणं चालू आहे, ते होईल. मला विचारायचंय ते शब्दांचं. मासिक सभेपुढे मराठीत टिपणी ठेवायची आहे. मी लिहिलं, ‘सर्व्हरचे स्थलांतर केल्यानंतर नेटवर्क कनेक्टिव्हिटी खंडित झाली.’ सचिव म्हणतात यात मराठी किती? ‘कनेक्टिव्हिटी’च्या जागी ‘जोडणी’ घालू की ‘संधान’? ‘स्थलांतर’ही एकाला खटकलंय.

उद्यमनगरी :
‘जोडणी’ तेवढी घालू नका राव. कोल्हापुरात जोडणी म्हटली की निवडणूक. ‘रात्रीत जोडण्या लावल्या’ हे रोज पेपरात वाचणारी माणसं आहेत तुमची. ‘सर्व्हरची जोडणी तुटली’ असं वाचल्यावर पहिला प्रश्न येणार, कुणी फोडला?

शब्दवेडा :
विनोद बाजूला ठेवला तरी हरकत खरी आहे. वीजजोडणी, नळजोडणी या शब्दांत ‘जोडणी’ म्हणजे कुणीतरी मंजूर करून दिलेली सोय. ती ‘तोडली’ म्हणजे बिल थकलं, असा अर्थ आपोआप निघतो. तुमच्या सर्व्हरला कुणी काही नामंजूर केलेलं नाही. ‘संधान’ तर त्याहून नको. संधान बांधलं जातं ते शत्रूच्या सरदाराशी, गुपचूप. फार तर बाणाचं संधान. दोन्हीचा तुमच्या काउंटरशी संबंध नाही.

‘संपर्क तुटला’ का नको? पावसाळ्यात आपल्याकडे बंधारे पाण्याखाली गेले की ‘अमुक गावांचा संपर्क तुटला’ अशीच बातमी येते. गाव जागेवर असतं, माणसं सुखरूप असतात, वाट बंद असते. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट तोंडपाठ असणाऱ्या सभेला हे वाक्य समजावून सांगावं लागणार नाही. मशीन बिघडलेलं नाही, हेही त्यातून कळतं. ‘सर्व्हर बंद पडला’ लिहिलंत तर नवीन सर्व्हरचं कोटेशन मागवतील.

लक्ष्मीपुरीकर :
हे पटलं. आणि ‘स्थलांतर’?

शब्दवेडा :
त्याची अडचण अशी की संगणकाच्या कामात स्थलांतर दोन प्रकारचं होतं. पेटी उचलून दुसऱ्या खोलीत नेली तरी स्थलांतर, आणि पेटी तिथंच ठेवून आतला डेटा दुसऱ्या मशीनवर नेला तरी स्थलांतर. टिपणी वाचणारा लेखापरीक्षक दुसरा अर्थ घेईल आणि डेटा जुळला का, बॅकअप कुठं आहे असले प्रश्न काढत बसेल. सरळ ‘सर्व्हर तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर हलवला’ लिहा. हलवला म्हणजे हलवला.

उद्यमनगरी :
‘उचलला’ लिहू नका मात्र. आमच्याकडं उचलला म्हणजे एकतर चोरानं नाहीतर पोलिसानं.

क्रिम्पर :
मी वायरिंगचं काम करतो म्हणून मधे बोलतो. तुम्ही सगळे नाम शोधताय, आणि साइटवर नामाचा काही उपयोग होत नाही. ‘नेट गेलंय’ असा फोन येतो तेव्हा मला काहीच कळत नसतं. कामाचं असतं ते क्रियापद. लाइट लागंना, पत्ता मिळंना, पिंग जाईना, नाव सापडंना. चार वाक्यं, चार वेगळे फॉल्ट.

लाइट लागंना म्हणजे केबलच्या खोबणीशेजारचा दिवा पेटत नाही. मग केबल, क्रिम्प म्हणजे तिच्या टोकाचा प्लग, पॅच पॅनेल म्हणजे भिंतीतल्या केबली जिथं संपतात ती पट्टी, नाहीतर स्विचचं, म्हणजे सगळ्या केबली एकत्र जोडणाऱ्या डब्याचं, ते पोर्ट. सॉफ्टवेअरला हातही लावायचा नाही. पत्ता मिळंना म्हणजे दिवा आहे पण राउटरकडून आयपी, म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा आकडी पत्ता, येत नाही. विंडोज असेल तर तो १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन बसतो. तो दिसला की समजायचं, पत्ता देणारा भेटलेला नाही. पिंग म्हणजे पलीकडचं मशीन उत्तर देतं का ते बघायची चाचणी. ती जाईना म्हणजे पत्ता आहे, वाट नाही. आणि नाव सापडंना म्हणजे आकड्यानं लागतंय पण नावानं लागत नाही. ते डीएनएसचं, नावावरून आकडा सांगणाऱ्या सेवेचं.

तुमचं यातलं कुठलं आहे ते आधी सांगा. शब्द मग आपोआप सुचंल.

शब्दवेडा :
क्रिम्पर, तुम्ही सहज लिहून गेलात पण ‘लागंना’ आणि ‘लागत नाही’ यात फरक आहे आणि तो इथं फार उपयोगी आहे. ‘फोन लागत नाही’ हे नुसतं विधान झालं, तो नंबर कधीच लागत नसेल. ‘फोन लागेना’ म्हणजे आत्ता लावून बघतोय, पुन्हा पुन्हा बघतोय, तरी होत नाही. कळेना, सुचेना, उघडेना, सगळ्यांत तो प्रयत्न दडलेला असतो. प्रमाण लेखनात ‘लागेना’, आपल्याकडं बोलताना ‘लागंना’, एवढाच काय तो फरक. दुरुस्तीच्या भाषेला याहून नेमकं रूप मिळणार नाही, आणि आपण ते सोडून ‘खंडित’, ‘अनुपलब्ध’ असलं काहीतरी कोशातून काढतो.

लक्ष्मीपुरीकर :
दिवा लागतोय, हिरवा. पत्ता हातानं दिलेला आहे, १९२.१६८.१.१०, तो तसाच दिसतो. गेटवे, म्हणजे बाहेर जायची वाट असलेला राउटर, १९२.१६८.१.१. सर्व्हरवरून गेटवेला पिंग केलं तर ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ येतं. खालून सर्व्हरला केलं तरी तेच. म्हणजे ‘पिंग जाईना’ ना?

क्रिम्पर :
त्या ओळीच्या सुरुवातीला कुठला आयपी आहे ते बघा. ‘फ्रॉम’च्या पुढं.

लक्ष्मीपुरीकर :
सर्व्हरचाच. १९२.१६८.१.१०.

क्रिम्पर :
मग बाहेर काही गेलेलंच नाही. ते ‘पोचत नाही’ तुमचं मशीनच तुम्हाला सांगतंय. माणसं वाचतात ‘अनरीचेबल’ आणि समजतात पलीकडचा राउटर मेला. अरे, निरोप देणारा कोण ते बघा की आधी.

होतं असं. गेटवेला पाकीट, म्हणजे डेटाचा तुकडा, द्यायचं तर मशीनला त्याचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक, लागतो. तो मिळवायला ते सगळ्या स्विचवर ओरडून विचारतं, १९२.१६८.१.१ कुणाकडं आहे? उत्तरच आलं नाही की थांबतं आणि स्वतःच्या नावानं ‘अनरीचेबल’ छापतं. विंडोजऐवजी लिनक्स असेल तर ‘आयपी नेबर’ ही कमांड द्या. गेटवेच्या आकड्यापुढं ‘फेल्ड’ नाहीतर ‘इन्कम्प्लीट’ दिसणार.

याच्या उलट विंडोजवर ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं तर पिंग बहुतेक गेलेली असते, उत्तर आलेलं नसतं. पलीकडं फायरवॉलनं गिळली असंल, किंवा परतीची वाट चुकली असंल. आणि लिनक्सवर ‘नेटवर्क इज अनरीचेबल’ आलं तर मशीनला वाटच सांगितलेली नाही, गेटवे लिहायचा राहिलाय बहुतेक.

शब्दवेडा :
म्हणजे इंग्रजीत एका ‘अनरीचेबल’मध्ये दोन गोष्टी कोंबल्यात, आणि मराठीत तीन सरळ वाक्यं होतात. वाट ठाऊक नाही. शेजारी ओ देत नाही. उत्तर आलं नाही. कमांडच्या नावातला ‘नेबर’ म्हणजे शेजारीच, त्यामुळं हे ओढूनताणून आणलेलं भाषांतरही नाही.

पुण्याहून :
विषय निघालाच आहे तर ‘गेटवे’ला ‘प्रवेशद्वार’ म्हणतात ते मला कधीच पटलं नाही. प्रवेशद्वार इमारतीला असतं. तुमच्या गावात तर हातचा शब्द आहे, वेस. गंगावेश अजून गंगावेशच आहे. आपल्या हद्दीतलं आपल्यात, हद्दीबाहेरचं सगळं वेशीतून. गेटवेचं काम नेमकं तेच.

क्रिम्पर :
शब्द झकास आहे, पण राउटरच्या पानावर ‘डिफॉल्ट गेटवे’ छापलेलं असतंय. फोनवरनं पोराला ‘वेस टाक’ म्हटलं तर तो मला वेड्यात काढंल. शेवटी बोलायचं ते स्क्रीनवर दिसतंय तेच.

लक्ष्मीपुरीकर, वेग किती दाखवतंय? ‘इथटूल’ या कमांडनं बघा.

लक्ष्मीपुरीकर :
१०० मेगाबिट. खाली असताना १००० होता, हे मी वहीत लिहून ठेवलंय.

क्रिम्पर :
आता मजा आली. १००० ला केबलमधल्या चारही जोड्या, म्हणजे आठही तारा लागतात. १०० ला दोनच जोड्या पुरतात, १, २, ३ आणि ६ नंबरच्या पिनांवरच्या. एखादी जोडी पंच करताना नीट बसली नाही तर कार्ड बऱ्याचदा १०० वर उतरतं आणि दिवा आपला हिरवाच राहतो. पण नुसत्या तेवढ्यानं गेटवे गप्प बसत नाही, हळू का होईना बोलतो. गेटवे गप्प आणि वेगही १००, दोन्ही एकदम आहे म्हणजे मला केबलपेक्षा स्विचचा संशय येतो. दुसऱ्या मजल्यावर सर्व्हरची केबल ज्या स्विचमध्ये गेलीय, तो कशाचा आहे?

शिरोलीचा :
तोवर मी आमच्या कारखान्यातला प्रकार सांगतो, शब्दाशी थोडा संबंध आहे. पेटी हलवताना पोरांनी नेटवर्क कार्ड काढून साफ केलं आणि शेजारच्या खोबणीत बसवलं. उबुंटू होतं, म्हणजे लिनक्सच. खोबणीवरून कार्डाचं नाव ठरतं, त्यामुळं ‘ईएनपी३एस०’चं ‘ईएनपी४एस०’ झालं. सेटिंगची फाइल जुन्या नावानं. दिवा आहे, कार्ड आहे, पत्ताच नाही. मालकाला मेसेज केला, ‘नाव बदलल्यामुळे सर्व्हर चालत नाही.’ मालकांना वाटलं कंपनीच्या नावाचं काहीतरी झालंय, थेट सीएला फोन.

उद्यमनगरी :
नाद खुळा.

लक्ष्मीपुरीकर :
सापडलं. वर जाऊन केबल हातानं धरत धरत गेलो. रॅकमध्ये दोन स्विच एकावर एक आहेत, दोन्ही काळे, लेबल नाही. सर्व्हरची केबल वरच्यात, आणि वरचा कॅमेऱ्यांचा निघाला. त्याची पोर्टं १०० चीच आहेत, म्हणून वेग पडला होता. कॅमेऱ्यांचं नेटवर्क मुद्दाम वेगळं ठेवलेलं आहे, १९२.१६८.२० चं, ऑफिसच्या नेटवर्कशी त्याचा संबंधच नाही. केबल खालच्या स्विचला लावली, वेग १००० दिसला, पिंग गेली, काउंटर सुरू झालं.

क्रिम्पर :
वाटलंच. कॅमेऱ्यावाला आणि आम्ही एकाच रॅकमध्ये काम करतो आणि एकमेकांना विचारत नाही, त्यातनं हे होतं. सेटिंगला हात लावला नाहीत हे उत्तम केलंत. अशा वेळी माणसं आयपी बदलून बघतात, मग गेटवे, मग मास्क, आणि केबल जागेवर आल्यावरही मशीन बोलत नाही, कारण आता एकाऐवजी तीन गोष्टी चुकीच्या असतात.

पुण्याहून :
‘पिंग गेली’? आम्ही ‘पिंग केलं’ म्हणतो. नपुंसकलिंगी.

क्रिम्पर :
आमच्यात ‘पिंग मारली’. स्त्रीलिंगी.

शब्दवेडा :
माइक मूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात तो प्रोग्रॅम लिहिला तेव्हा नाव घेतलं सोनारच्या आवाजावरून. पाणबुडी शोधताना आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनीची वाट बघायची. म्हणजे मुळात ती हाक आहे, आणि हाक स्त्रीलिंगीच. ‘मारली’ही बरोबर, हाक मारतातच. इथं मी कोल्हापूरच्या बाजूनं.

पुण्याहून :
पण तुमच्याकडं सगळंच मारतात. क्रिम्प मारणे, टोन मारणे, रिस्टार्ट मारणे, फॉर्मॅट मारणे.

उद्यमनगरी :
चकरा पण मारतो, सर्व्हर हलवला की.

लक्ष्मीपुरीकर :
टिपणी आता अशी केलीय, बघा. ‘पुराच्या पाण्याचा धोका लक्षात घेऊन संस्थेचा सर्व्हर तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर हलवला. हलवताना त्याची केबल ऑफिसऐवजी कॅमेऱ्यांच्या स्विचला लागल्याने काउंटरचा सर्व्हरशी संपर्क तुटला होता. केबल योग्य स्विचला लावल्यावर काम पूर्ववत सुरू झाले. सर्व्हरमध्ये व डेटामध्ये कोणताही बिघाड नाही.’

शब्दवेडा :
छान. ‘पूर्ववत’ राहू द्या, सभेला तेवढं लागतं. ‘केबल स्विचला लागल्याने’ हे ‘लावली गेल्याने’ करू नका. कुणी लावली हा प्रश्न विचारायला सभेला वाव कशाला द्या.

क्रिम्पर :
अजून एक वाक्य टाका, दोन्ही स्विचवर आणि केबलींच्या टोकांना लेबलं चिकटवली म्हणून. आणि टिपणी जायच्या आत खरंच चिकटवा.

लक्ष्मीपुरीकर :
लेबलवर मराठीत काय लिहू? ‘निरीक्षण यंत्रणा’ आणि ‘कार्यालयीन जाळे’ असं सचिवांनी सुचवलंय.

क्रिम्पर :
‘कॅमेरा’ आणि ‘ऑफिस’. मोठ्या अक्षरात.