ऑपेरावरचा सिनेमा सुचवा (बाबांसाठी, दोन तासांच्या आत)

डोंबिवलीकर
बाबा ७४ वर्षांचे, नाट्यसंगीताचे वेडे. परवा रेडिओवर व्हेर्दीचा ऑपेरा ऐकला नि म्हणाले, "हे दिसतं कसं ते दाखव." इटालियन ऑपेरावर काढलेला सिनेमा सुचवा. दोन तासांच्या आत, ५०० रुपयांच्या आत.

मिलान_रिटर्न
सिनेमा कशाला? आम्ही मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहात बघितलंय, अगदी वरच्या गॅलरीतून का होईना. घरीच बघायचं तर आधी स्पीकर घ्या. माझे ४० हजारांना पडले. टीव्हीवर सोप्रानो (गायिकेचा सर्वांत उंच आवाज) म्हणजे कुकरची शिट्टी.

खमाज
५०० म्हणालीय ती! झेफिरेल्लीचा 'ला त्राव्हिआता' (१९८२) दाखव. गायक तेरेसा स्त्रातास आणि डोमिंगो. पावणेदोन तासांत आटपतो. सुरुवातीच्या वादनावरच मरणाच्या दारातली नायिका व्हायोलेटा दिसते, मग गोष्ट मागे जाते. भाषा कळली नाही तरी अडत नाही.

पेठेतला
झेफिरेल्ली नकोच. 'ओटेल्लो'त (१९८६) त्याने डेस्डेमोनाचं विलोचं गाणं सरळ उडवलं. मैफिलीतून भैरवी काढायची आणि वर झुंबरं दाखवायची! १९७६चा 'तोस्का' बघा. खरं रोम, खरं सांत आंद्रेआ चर्च.

खमाज
आवाज मात्र आधी स्टुडिओत भरलेला. रोममध्ये नुसते ओठ हललेत.

पेठेतला
मग १९९२चा घ्या. ऑर्केस्ट्राचा संचालक झुबिन मेहता, आपल्या मुंबईचा माणूस. गायक त्या त्या जागी, नाटकातल्या त्या त्या वेळेला थेट गातायत, शेवटचा अंक पहाटे! ऑर्केस्ट्रा तेवढा दुसरीकडे स्टुडिओत.

कमी_साखर
+१ त्राव्हिआता. पण डीव्हीडी मागवताना मागची बाजू वाचा. माझ्या तबकडीत सबटायटल फक्त जर्मन निघाली. दुकानदार म्हणतो, "गाणं ऐकू येतंय ना?"

रातकिडा
लोसीचा 'दोन जोव्हान्नी' (१९७९). व्हिचेन्झाजवळची ती हवेली बघाच. तीन तास कसे जातात कळत नाही.

पेठेतला
तो तर मोत्झार्टचा. मोत्झार्ट इटालियन कधीपासून?

रातकिडा
शब्द इटालियनच आहेत. तपासा.

कमी_साखर
काहीही बघा, १९५३चा 'आयदा' तेवढा टाळा. पडद्यावर सोफिया लॉरेन, गळा रेनाता तेबाल्दीचा. तोंडाला काळा रंग फासलाय, आणि ऑपेरा निम्माशिम्मा गाळलाय.

रातकिडा
+१ त्राव्हिआता. आधी कुणी सुचवलाय का माहीत नाही.

डोंबिवलीकर
सगळ्यांचे आभार. बाबांना धागा वाचून दाखवला. सोफिया आणि तेबाल्दीपाशी थांबवलं मला. "म्हणजे प्लेबॅकच की! हाच लाव." शेजारच्या काकांकडे तबकडी निघाली, खर्च शून्य. काल बघितला. रंगाबद्दल कमी_साखर बरोबर, बघवत नाही. पण शेवटी तळघरात दोघं कोंडले जातात तिथे बाबांनी डोळे मिटून घेतले आणि तेबाल्दीच ऐकली. संपल्यावर म्हणाले, "एवढ्यात? बाकीचं कुठाय?" आता त्यांना अख्खा हवाय.

मिलान_रिटर्न
स्पीकर कुठले लावले होते?