काळ्या मातीवर समाजमंदिर: पायाविषयी सल्ला हवा

प्रश्न: आमच्या गावी समाजमंदिराच्या जागेत काळी माती असून उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, कोपऱ्यात जुना उकिरडाही आहे. पाया कसा घ्यावा?

प्रतिसाद १: या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणमातीचे खनिज पाणी शोषून फुगते आणि सुकताना आक्रसते, म्हणून आधी माती किती फुगते हे पाहणारी फ्री स्वेल चाचणी करावी, तीत १० ग्रॅम माती पाण्यात आणि तेवढीच रॉकेलमध्ये ठेवून दोन्हींच्या आकारमानातील फरक मोजतात. मुरूम जवळ लागल्यास पाया त्यावरच टेकवावा, अन्यथा अंडररीम पाइल, म्हणजे जमिनीत खोलवर नेलेले, तळाशी फुगा असलेले काँक्रीटचे खांब घ्यावेत.

प्रतिसाद २: उकिरडा मात्र पूर्ण उपसावाच, कारण कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन निघतो आणि जमीन खचत राहते. शेजारच्या विहिरीचे पाणीही तपासून घ्या, ही कळकळीची विनंती.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. काल खड्डा खणला, तेव्हा ७ फुटांवर मुरूम लागला.